ऐंशीला सुरू, शंभरला बंद

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी आमच्या आईच्या मांडणीवरचे पेले वाजले. पाठोपाठ तांबे वाजले, आणि शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरची पितळी परात वाजली. नुसते पेले वाजले तर रस्त्यावरून ट्रक गेला, तांबे वाजले तर सुनेने दार आपटलं, आणि परात वाजली तर भूकंप, असं आईचं शास्त्र आहे. १९९३ साली किल्लारीला जे झालं, त्यानंतर मराठवाड्यातली माणसं कान उघडे ठेवून झोपायला शिकली. आईने कानांवर भिस्त न ठेवता परात भिंतीला कलती करून ठेवली. तेव्हापासून ती परात सणावाराशिवाय खाली उतरत नाही आणि उगाच वाजतही नाही.

परात वाजली म्हटल्यावर आम्ही सगळे अंगणात. गल्ली रस्त्यावर. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या तोंडात दात घासायचा ब्रश, कुणी चुलीवरचं दूध उतरवून ते पातेल्यासकट बाहेर आलेलं. माणसांची मोजदाद झाली, सगळी होती. फक्त आमचा मेव्हणा आधीपासूनच बाहेर होता. तो त्याच्या गाडीत बसला होता, नुकतीच चावी फिरवली होती, आणि आता बॉनेट उघडून विजयी मुद्रेने उभा होता.

"दाजी, बघितलंत? गाडी जागेवर उभी आहे, तरी थरथरली! म्हणजे चाकांचा प्रश्नच नाही. इंजिन माउंटिंग!"

"अरे, भूकंप झाला."

"कधी?"

"आत्ता."

तो क्षणभर विचारात पडला. त्याच्या आवडत्या निदानावर निसर्गाने अशी कुरघोडी करावी हे त्याला पटलेलं दिसलं नाही. "असेल," तो म्हणाला, "पण ही थरथर कालपासून आहे."

पुढे बातमी आली की धक्का ४.५ तीव्रतेचा होता आणि केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याकडे होतं. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे सहाच्या सुमाराला असाच ४.५ चा एक येऊन गेला होता, आणि दहा-अकरा मिनिटांनी, विसरलेली पिशवी घ्यायला पाव्हणा परत यावा तसा ३.६ चा दुसरा. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून गुडगुड आवाज येतात हे आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचतो. पुण्या-मुंबईत गाडी थरथरली की माणूस सरळ गॅरेजला जातो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्याआधी एक जादा प्रश्न सोडवावा लागतो : हलतंय ते नेमकं काय, गाडी की जिल्हा?

आता गाडीविषयी. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण त्या आठवड्यात तिची बदनामी भरपूर झाली आणि शेवटी ती निर्दोष निघाली. एवढंच सांगतो की ती स्पोर्ट्स कार आहे, वय पंचविशीच्या आसपास, दारं दोन, सीटा दोन, छत कापडी, आणि उंची अशी की आमची शेळी उभी राहून तिच्या छतावरून पलीकडचं बघू शकते. मेव्हण्याने ती पुण्यात कुणाकडून तरी घेतली. किती रुपयांना, हे त्याने त्याच्या ताईला एक सांगितलं आणि मला एक. आम्ही नवरा-बायकोने रात्री दोन्ही आकडे ताडून पाहिले. त्यांचं आपसात काही नातं नव्हतं.

शनिवारी तो ही गाडी घेऊन सिद्धेश्वरला आला तेव्हा धरणाच्या भिंतीवर पाणी बघायला आलेली माणसं पाण्याकडे पाठ करून गाडी बघत उभी राहिली. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली आमचं सिद्धेश्वर, अशी ही धरणांची जोडी. साठच्या दशकात ती बांधली तेव्हापासून आमच्या गावात बघण्यासारखी दुसरी गोष्ट आलेली नव्हती. आईने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावली आणि विचारलं, "ह्यात बसायचं का निजायचं?" मेव्हण्याने तिला आग्रहाने आत बसवलं. बसवायला एक माणूस लागला. काढायला तिघं.

रविवारी त्याने आमच्या मळ्यापर्यंत गाडी न्यायचा हट्ट धरला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी म्हणालो, जाऊ नकोस. त्याची ताई म्हणाली, जाऊ नकोस. आमचा सालगडी काही म्हणाला नाही, तो आधीच ट्रॅक्टर काढायला गेला. कालव्याच्या कडेच्या वाटेने गाडी दोनशे पावलं गेली असेल. मग तिचं मागचं डावं चाक काळ्या मातीत शिरलं आणि जिथल्या तिथे भिंगरीसारखं फिरू लागलं. आमची ही काळी माती कापसाला नि सोयाबीनला आई आहे, पण चाकाला सावत्र. ओली असताना माणसाला सोडत नाही आणि वाळली की स्वतः सुटत नाही. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. घरी आणल्यावर गल्लीतल्या पोरांनी मोटार लावून, पाइपाने पाणी मारून, आईची जुनी लुगडी वापरून गाडी अशी लख्ख केली की तिच्यात तोंड बघून दोघांनी भांग पाडला. सोमवारी उघाड होती. गाडी दिवसभर उन्हात तापत राहिली.

मंगळवारी तो औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेला आणि पडेल चेहऱ्याने परत आला. "दाजी, गाडी थरथरते. ऐंशीला सुरू होते, शंभरला बंद."

ओट्यावर बसलेल्या मंडळींनी यावर तीन उपाय ताबडतोब सुचवले. पहिला : ऐंशीपर्यंत जाऊच नका. दुसरा : मग शंभरनेच चालवा. तिसरा उपाय एका वयस्कर पाव्हण्यांचा होता आणि तो सगळ्यांत व्यवहारी होता. त्यांनी विचारलं, "आपल्या रस्त्याला तुम्ही ऐंशीला पोचलाच कसे, ते सांगा आधी."

आजार सांगितला की औषध सुचवणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण गाडीचा आजार असला की त्यात एक वेगळा उत्साह येतो. माणसाच्या पोटदुखीवर बोलताना थोडीफार जबाबदारी वाटते. गाडीचं तसं नाही. शिवाय ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही मत असतं, किंबहुना त्याचंच जास्त ठाम असतं. मेव्हण्याने पुण्यातल्या मित्रांना फोन लावले. मित्र एकूण पाच होते आणि निदानं सात. एकाच्या मते प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. दुसऱ्याच्या मते क्रॉस ठीक आहे, त्याच्या पुढचं रबर कपलिंग फाटलं. तिसरा म्हणाला, टायरला आतून फुगा आला असणार. चौथ्याने आवाज ऐकायला मागितला. मेव्हण्याने फोन बॉनेटवर धरला, आणि नेमकी तेव्हाच आमची म्हैस ओरडली. त्यावर चौथा म्हणाला, "हे सायलेन्सरचं आहे." पाचव्याने निदान न करता नुसती किंमत सांगितली. सगळे सुटे भाग परदेशातून येणार होते, एवढ्या एका मुद्द्यावर पाचांचं एकमत होतं.

बुधवारी, म्हणजे भूकंपाच्या दिवशी, औंढ्याहून मिस्त्री आणला. तो आल्या आल्या खाली वाकला, आणखी वाकला, मग चक्क आडवा झाला. इतक्या बुटक्या गाडीखाली जायची त्याला सवय नव्हती. उठून त्याने आईकडे पेलाभर पाणी मागितलं. आईला वाटलं प्यायला. त्याने तो पेला इंजिनाच्या झाकणावर ठेवला, गाडी चालू केली आणि पाण्याकडे बघत बसला. पाणी हललं. "फाउंडेशन गेलं," तो म्हणाला. तेवढ्यात आईने त्याच पेल्यातलं पाणी गाडी बंद असताना बघितलं. पाणी तेव्हाही हलत होतं, कारण मिस्त्री एका हाताने बॉनेटला टेकून उभा होता आणि त्याचा पाय हलत होता. मिस्त्री प्रामाणिक माणूस. म्हणाला, "सकाळपासून जरा घाबरल्यासारखंच झालंय, मावशी." भूकंपाच्या दिवशी मिस्त्री आणू नये, एवढा धडा मी त्यातून घेतला.

खरं काम झालं ते दोन म्हाताऱ्यांमुळे, आणि त्यांपैकी एकालाही गाडी चालवता येत नाही.

पहिले आमचे धरणावरून रिटायर झालेले मामा. धरणाचे दरवाजे उघडण्यात आणि लावण्यात त्यांचा जन्म गेला. "ऐंशीला सुरू, शंभरला बंद" हे वाक्य ऐकून सगळी गल्ली हसली होती. मामा हसले नाहीत. म्हणाले, "दरवाजाचंबी असंच असतंय." मग त्यांनी सांगितलं ते असं. धरणाचा दरवाजा थोडासाच उचलला, बोट-दोन बोटं, की खालच्या फटीतून पाणी सुसाट सुटतं आणि अख्खा लोखंडी दरवाजा थरथरायला लागतो. हात लावला तर दातापर्यंत कळतं. तिथे थांबायचं नसतं. आणखी उचलायचा, की थरथर गेली. पाणी वाढलं तरी थरथर थांबते. "कामून?" मामांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "प्रत्येक वस्तूची एक खोड असतीय. त्या खोडीला बरोब्बर धक्का बसला की ती नाचतीय. कमी बसला तर नाई, जास्त बसला तर नाई."

मी विज्ञानाचा मास्तर आहे, तोही सातवीपर्यंतचा. अनुनाद म्हणजे काय ते मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर झोपाळ्याचं चित्र काढून शिकवत आलो. झोका मागे आला की नेमका तेव्हा धक्का द्यावा, म्हणजे तो वाढत जातो. आगेमागे दिला तर मरतो. पण खोड हा शब्द मला कधी सुचला नव्हता. पुढच्या वर्षी फळ्यावर तोच लिहीन.

मामांच्या म्हणण्यावर मी रात्री वहीत हिशेब केला. या गाडीचं चाक एका फेऱ्यात सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर जातं. ताशी ऐंशीने गाडी सेकंदाला २२ मीटरांच्या वर धावते. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ बारा वेळा फिरतं. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये टांगल्यासारखं असलेलं चाक वरखाली उड्या मारायला लागलं, तर सेकंदाला साधारण दहा ते पंधरा उड्या ही त्याची खोड. म्हणजे ऐंशीला चाकाच्या खोडीला बरोब्बर धक्का बसत होता. शंभरला तो वेळ चुकून पुढे निघून जात होता. इंजिनाचा यात हात असावा असं दिसत नव्हतं. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर स्फोट करतं. तिथली थरथर बारीक, मधमाशीसारखी, हाताच्या तळव्याला मुंग्या आणणारी. मेव्हणा सांगत होता ती बैलगाडीतली होती.

पण चारांतलं कोणतं चाक? हे वहीत निघेना.

दुसरे म्हातारे म्हणजे गिरणीवाले आप्पा. गावातल्या निम्म्या घरांची ज्वारी त्यांच्या दगडाखालून जाते. आप्पांना ऐकू कमी येतं, कारण उभं आयुष्य गिरणीत गेलं. त्याच गिरणीत राहून त्यांचा तळवा मात्र तयार झालाय. गिरणी चालू असताना ते खोक्यावर हात ठेवून सांगतात की दगडाला टाकी लावायची वेळ झाली, किंवा मोटारीचं बेअरिंग आणखी पंधरा दिवस काढील. एकदा त्यांनी एका बाईच्या दळणात खडा आहे हे हाताने ओळखलं होतं. ती बाई अजून ते सांगते, आणि खडा तिनेच टाकला होता असं तिची जाऊ सांगते.

आप्पांनी सगळं ऐकून (म्हणजे मेव्हण्याने ओरडून सांगितल्यावर) एकच प्रश्न केला. "पट्टा काढून बघितलाव का?"

"गाडीला तसा पट्टा नसतो, आप्पा."

"मंग मोटारीचा जोर चाकाला जातोय कशानं?"

"क्लच असतो मध्ये."

"मंग तेच की. गिरणी हालायली तर आम्ही आधी पट्टा काढतो. मोटार एकली चालवतो. थरथर गेली तर दगडाची. ऱ्हायली तर मोटारीची. तुमी क्लच काढून बघा. आन् मला संगं घ्या."

पुण्यातल्या पाच मित्रांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही. रात्रीची वही मी हळूच उशीखाली सारली.

गुरुवारी सकाळी, गुरं सुटायच्या आधी, औंढ्याच्या रस्त्याला सरळ पट्टा गाठला. गाडीत दोनच माणसं मावतात, म्हणून मेव्हणा आणि आप्पा पुढे, आणि मी मोटारसायकलवर मागे. आप्पांना गाडीत बसवायला पुन्हा तीन माणसं लागली. त्यांचं धोतर दारात अडकलं, दार दोनदा उघडावं लागलं. मग गाडी निघाली. एका डोळ्याने शेळ्यांवर आणि दुसऱ्याने स्पीडोमीटरवर लक्ष ठेवून मेव्हण्याने ऐंशी गाठली, क्लच दाबला. इंजिनाचा आवाज खाली बसला. थरथर जशीच्या तशी.

"मोटार नाई," आप्पांनी जाहीर केलं.

इथे मला एका वेगळ्याच यंत्राची आठवण झाली, कारण ज्या रस्त्याला आम्ही होतो तिथून ते फार लांब नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी. तिथे दुर्बीण नसेल. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतील, काटकोनात जोडलेल्या, आणि त्यांतून लेसरचा किरण येजा करील. कुठेतरी दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी लहर उठते, ती पकडायची हे तिचं काम. ही लहर पृथ्वीपर्यंत येते तेव्हा त्या चार किलोमीटरमध्ये जो फरक पडतो, तो अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनच्या रुंदीचा हजारावा भाग असतो. म्हणजे आमच्या जिल्ह्यात जगातली सगळ्यात बारीक थरथर मोजायचं यंत्र येणार. आणि आम्हाला एका चाकातली सापडत नव्हती.

अमेरिकेत अशी दोन यंत्रं आधीपासून आहेत. एक लुईझियानात लिव्हिंग्स्टनला, दुसरं वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, मध्ये तीन हजार किलोमीटर. त्यांचे चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगलेत, लोलकाखाली लोलक, त्याखाली लोलक, असे चार मजले, की रस्त्यावरचा ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, काही म्हणजे काही त्यांना हलवू नये. तरी गोंधळ व्हायचे ते होतातच. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डला नळीत विचित्र टकटक नोंदली जायला लागली. शोध घेता घेता कळलं, बाहेरच्या थंड पाइपांवर साठलेलं बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने फोडत होते. मला ही गोष्ट फार आवडते. अब्जावधी वर्षांपूर्वीचा हादरा शोधायला बसलेल्या विद्वानांना आधी कावळे वजा करावे लागले. आम्हीही तेच करत होतो. भूकंप वजा, म्हैस वजा, मिस्त्रीचा पाय वजा, आता मोटार वजा.

लायगोचं तिसरं यंत्र आमच्याकडे कशाला, हा प्रश्न गावात बऱ्याच जणांनी विचारलाय. त्याचं उत्तर मला त्या दिवशी आप्पांमुळे नीट कळलं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. ती १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. लिव्हिंग्स्टनला ती आधी पोचली आणि हॅनफर्डला सात मिलिसेकंद उशिरा. दोन्हीकडे लागली म्हणून ती खरी ठरली. एकट्याच्या साक्षीवर तिथेही कुणी विश्वास ठेवत नाही. पण आकाशात नेमकी कुठून आली, हे दोनच साक्षीदारांवरून धड सांगता आलं नाही. तिसरा साक्षीदार जगाच्या दुसऱ्या अंगाला, असा लांब औंढ्याला बसला, तर कुणाला आधी लागली, कुणाला नंतर, यावरून दिशा पक्की करता येते.

आप्पांनी अगदी तेच केलं. डोळे मिटले. एक तळवा समोरच्या पत्र्यावर ठेवला. मग मेव्हण्याला म्हणाले, ष्टेरिंगवरचा एक हात जरा काढा, आणि स्वतःचं बोट तिथे टेकवलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. मग उजवीकडे कलले, मग डावीकडे. मेव्हणा नंतर म्हणाला, ऐंशीच्या वेगात शेजारचा माणूस असा मांड्यांखाली हात घालून डुलायला लागला तेव्हा मला वाटलं, यांना झटका आला.

गाडी थांबली. मी मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा आप्पा आतूनच बोलत होते, कारण त्यांना बाहेर काढायला तिसरा माणूस हवा होता. "ष्टेरिंग गप्प हाय. पत्रा गप्प हाय. बूड हालायलंय. त्यातबी डावं. मागचं डावं चाक हाय, बगा."

पुढच्या चाकाचा तोल गेला तर हात सांगतात, मागच्याचा गेला तर बूड सांगतं. मोठ्या गावात चाकांचा तोल मशीनवर बघतात आणि रिमच्या कडेला शिशाचा तुकडा ठोकून देतात. आमच्याकडे तूर्त आप्पा होते.

घरी आणून चाकाखाली जॅक लावला. चाक सोडलं, उताणं केलं. बाहेरून आरशासारखं लखलखीत. आतल्या बाजूला, पोरांचा पाइप जिथवर पोचला नव्हता तिथे, रिमच्या पोकळीत एकाच जागी, हाताच्या पंजाएवढं काळ्या मातीचं ढेकूळ बसलेलं. सोमवारच्या उन्हात ते असं घट्ट झालं होतं की स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागलं.

मेव्हण्याने ते हातात घेतलं आणि बराच वेळ तसाच बघत राहिला. शाफ्ट, क्रॉस, कपलिंग, फाउंडेशन, परदेशातून येणारे सुटे भाग आणि त्यांच्या किमती, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. शेवटी म्हणाला, "एवढुसं?"

आप्पांनी ढेकूळ गिरणीतल्या काट्यावर टाकलं. एकशे वीस ग्रॅम. मी वही काढली. रिमच्या आत, आसापासून अठरा सेंटिमीटरवर बसलेले एकशे वीस ग्रॅम सेकंदाला बारा फेरे घेतात तेव्हा चाकाला जवळजवळ बारा किलोचा हिसका देतात. तोही सेकंदाला बारा वेळा, कधी वर, कधी खाली. मी हा हिशेब मोठ्या आवाजात वाचून दाखवला. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझं गणित इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.

औंढ्याच्या देवळाची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. नामदेवांना पुढून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. दगडाचं एवढं मोठं देऊळ फिरलं आणि कुठे काही थरथरलं, असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्याला म्हणतात तोल. मी हे बोलून दाखवल्यावर मामा म्हणाले, "त्यात माती अडकलेली नव्हती, मास्तर."

मेव्हण्याने आप्पांना पैसे विचारले. आप्पांना नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं. त्यांनी काट्यावरचं ढेकूळ उचललं, गिरणीतल्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर दळणाचे दर किलोचे लिहिलेले आहेत. "एकशे वीस ग्रॅमचं काई होत नाई," ते म्हणाले. "पाव किलोच्या खाली आम्ही धरत नाई."

पुण्यातल्या मित्रांना मेव्हण्याने फोन केला नाही. ढेकूळ त्याला पुण्याला न्यायचं होतं, पण त्याची ताई म्हणाली, मळ्यातली माती मळ्यात टाक, आणि सालगड्याने ते परत नेऊन कालव्याच्या कडेला भिरकावलं. जाताना तो असंही म्हणाला की ट्रॅक्टरचं डिझेल कुणी धरलेलं नाही.

शुक्रवारी पहाटे मेव्हणा निघाला. आई आत चहा करत होती. त्याने गाडी चालू केली, दोनदा जोरात रेस केली, हात हलवला, आणि पंचविशीतली ती गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरून गुरगुरत गेली. मांडणीवरचे पेले किणकिणले. तांबे गप्प. परात गप्प.

"ट्रक गेला का रे?" आईने आतून विचारलं.